केरबाचा शेवटचा पुकारा

यावर कुणाचाही विश्वास बसणार नाही, आणि ज्याचा बसेल त्याची कीवच करावी. पण अहमदपूरच्या मोंढ्याच्या बाजारात केरबा लिलावाला, हर्रास पुकारायला उभा राहिला, की तिकडे मुदखेडच्या जंक्शनवर गाडी सोडायला निघालेला गार्ड शिट्टी परत खिशात घालायचा. म्हणायचा, बोली होऊ द्या, मग निघू.

असा हा केरबा त्या रविवारी, विहारातून आल्यापासून, स्वतःच्याच अंगणात सख्ख्या लेकीकडे पाठ करून बसला होता. गळ्याला मफलर. पारूबाईनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, शेजारी ठेवलेल्या चहावर साय धरली होती… आत, पुढच्या खोलीत, लुंबिनी लॅपटॉप उघडून बसली होती. बाप-लेकीच्या मधे एक उंबरा तेवढा होता. पण तो ओलांडायचं बळ दोघांच्याही अंतःकरणात उरलं नव्हतं.

झालं होतं असं. लातूरच्या डॉक्टरांनी केरबाचा घसा तपासून लुंबिनीच्या देखतच सांगितलं होतं, की यापुढे ओरडलात तर आवाज कायमचा जाईल. केरबा हसला. पुकारणाऱ्याला गप्प बसा म्हणणारा माणूस त्यानं पहिल्यांदाच पाहिला होता. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा मोंढ्यात हजर. लुंबिनी नांदेडला संगणकाच्या नोकरीवर परतली… आणि मग कधीतरी टपरीवर चहा पिताना कुणीतरी केरबापुढे मोबाईल धरला. त्यात जुने ट्रॅक्टर, पेरणीयंत्रं, पाण्याच्या मोटारी, सगळ्याच्या हर्रासाची जाहिरात. घरबसल्या बटण दाबा, बोली लावा. ना मोंढा, ना पुकारा.

"तुझ्याच लेकीनं काढलंय," टपरीवाला म्हणाला. "छुट्टी केली की रं तुझी पोरीनं."

जिला खांद्यावर बसवून त्यानं हर्रास पुकारले, जी झोपेतसुद्धा 'दोन वार' म्हणायची, तिनं आपल्याच बापाला मुकं करणारं यंत्र बनवावं, आणि तेही त्याला एका शब्दानं न सांगता… ही व्यथा त्याच्या काळजात काट्यासारखी रुतून बसली होती.

आज त्या ॲपवरचा पहिला हर्रास होता. माल, शेतकरी रामकिशनचं मळणीयंत्र. हा हर्रास मोकळा गेला तर आम्ही काही तुझ्याकडे माल लावणार नाही, असं बाकीच्या शेतकऱ्यांनी लुंबिनीला तोंडावर सांगितलं होतं. खरेदीदार सगळे मोंढ्यातलेच, आपापल्या गावी मोबाईल धरून बसलेले. वेळ सुरू झाली… आणि बोलीच येईना. पडद्यावर नावं दिसत होती, माणसं हजर होती, घड्याळ धावत होतं, आणि आकडा जागचा हलत नव्हता.

त्यातल्याच उदगीरच्या वीरण्णाचा फोन आला.

"अक्का, आप्पासाहेबांनी अजून तोंड उघडलं न्हाई. त्यांच्या आधी आम्ही बोललो तर बरं दिसंल का?"

पहिली बोली वडीलधाऱ्या आप्पासाहेबांची, हा मोंढ्याचा रिवाज. लुंबिनीनं घाईघाईनं त्यांना फोन लावला.

"मी कवाचा तयार हाय पोरी," आप्पासाहेब म्हणाले. "पण केरबा कुठं पुकारून राहिला?"

"आप्पासाहेब, यात पुकारा नसतो. नुसतं बटण दाबायचं."

"असं बिनबोलावता पंगतीला बसत नसतेत, बाई. पुकारा होऊ दे, मग बघू."

अर्धा वेळ सरला. लुंबिनीचे डोळे भरून आले, आणि ते थेंब टपटप लॅपटॉपवर पडू लागले… पारूबाई अंगणात आली.

"लेक रडून राहिली आत. आन् तुम्ही मफलर राखीत बसा. सोन्याचा हाय न्हवं त्यो."

केरबा उठला. उंबरा ओलांडून आत आला आणि लॅपटॉपकडे बघत म्हणाला, "ह्याच्यात तोंड कुठं लावायचं असतंय?"

"नको बाबा." लुंबिनीनं त्याचे दोन्ही हात धरले. "डॉक्टर काय म्हणले ते आठवा. बुडू द्या हे ॲप."

"माल मांडून हर्रास मोकळा सोडायचा? आपल्या घरात न्हाई व्हत तसं."

"तुमचा गळा वाचावा म्हणूनच तर काढलं हो मी हे…" तिचा बांध फुटला. "तुम्ही ऐकतच नव्हता. म्हटलं, पुकाराच लागू नये असं काहीतरी करावं. आधी सांगितलं असतं तर तुम्ही करू दिलं नसतं."

 ज्याला केरबा आपल्या हकालपट्टीचं यंत्र समजत होता, ती लेकीची माया होती… त्यानं मफलर काढला, अलगद तिच्या गळ्यात घातला, मालाची माहिती सांगायला ठेवलेला माईक जवळ ओढला आणि छाती भरून श्वास घेतला.

काय तो पुकारा सांगावा. आढ्याची धूळ खाली आली. गल्लीतली कुत्री मागच्या पायांवर बसली. आप्पासाहेबांनी बोली लावली, तिच्यावर वीरण्णानं चढवली, आणि किनवटच्या जंगलात रेंज मिळेना म्हणून सागाच्या शेंड्यावर चढलेल्या एका गड्यानं दोघांनाही मागं टाकलं. एक वार… दोन वार… तीन वार. मळणीयंत्र गेलं, लुंबिनीचा हर्रास तरला, आणि केरबाच्या गळ्यात तार तुटल्यासारखं काहीतरी झालं.

"बाबा, बोला की काहीतरी," लुंबिनी त्याच्या कुशीत शिरली. केरबाचे ओठ हलले. आवाज नाही. त्यानं तिच्या मस्तकावर हात ठेवला, आणि त्या मूक वात्सल्यात सगळं किल्मिष वाहून गेलं… त्या दिवसापासून त्या माउलीसारख्या बापाच्या तोंडून शब्द म्हणून फुटला नाही. लेकीसाठी त्यानं आपली वाणी कायमची अर्पण केली.

हे सगळं ऐकून, ॲपवर माल लावायचा म्हणून लुंबिनीला भेटायला आलेल्या पाहुण्यांनी उपरण्यानं डोळे टिपले. एकाला तर हुंदकाच आला. तेवढ्यात स्वयंपाकघरातून पारूबाईचा आवाज आला.

"अवो, केरबाचा आवाज कायमचा गेला म्हणता. मग घंटाभर ह्या पाव्हण्यांपुढं माझ्या नवऱ्याच्या तोंडातून कोण बोलून राहिलंय?"