पालथं चित्र

बस इथे. पण मध्येमध्ये 'भास झाला असेल गं' म्हणायचं नाही. आधीच माझं डोकं तापलंय.

त्या दुपारी मी स्टुडिओत गेले ती फक्त सही करायला. दुसऱ्या दिवशी प्रदर्शनाचं उद्घाटन होतं. जुन्या दरबारी शैलीत मीच काढलेलं माझं स्वतःचं चित्र होतं ते. झरोक्यात बसलेली मी, एका हातात मोबाईल, दुसरा तळवा उघडा. गॅलरीवाल्या बाईंनी कार्डावर 'परंपरेतून स्वतःचा शोध' असं छापलं होतं. शोध कसला डोंबलाचा! बारा वर्षं माझ्या गुरूंकडे, सरांकडे चित्रं मी काढली आणि खाली सही त्यांची. वर म्हणायचे, "आपल्या घराण्याची रीतच आहे." गेल्या वर्षी सर गेले. आता निदान हे चित्र तरी माझ्या नावाने लागणार होतं.

कोपऱ्यात बारीक कुंचल्याने नाव लिहिलं आणि आत हात धुवायला गेले. तोच बाहेरून आवाज आला. सर्र... सर्र...

तो घोटाईचा आवाज होता. आमच्याकडे चित्र संगमरवरावर पालथं घालून पाठीवरून गुळगुळीत दगडाने घोटतात, म्हणजे रंगाला झळाळी येते. पण स्टुडिओत मी एकटीच होते, दाराला आतून कडी होती.

धावत आले. चित्र पालथं. दगड हातात घेतला तर गरम. चित्र उलटून पाहिलं, माझं नाव नव्हतं. साधा डागसुद्धा नाही.

घाबरले नाही, भडकले. "मेल्यावरही हाव सुटत नाही का हो, सर?" नाव पुन्हा लिहिलं, ठसठशीत, आणि समोर ठाण मांडून बसले.

चित्राची एक कड उचलली गेली... हळूच... झोपलेल्या पोराला कुशीवर वळवावं तसं चित्र पालथं झालं. दगड सरकू लागला. त्याबरोबर बांगड्या किणकिणल्या. मग कोरडा खोकला.

सर नव्हते ते. काकू होत्या, सरांची बायको. मधल्या खोलीत जमिनीवर बसून चाळीस वर्षं सगळी चित्रं त्यांनीच घोटली, सरांची आणि माझीही. तळव्याला बटणाएवढा काळा घट्टा पडला होता. सरांच्या आधीच खोकून खोकून गेल्या बिचाऱ्या.

"काकू... तुमचं नाव लिहू?"

दगड थांबला.

कुंचला बुडवला आणि हात तसाच राहिला. बारा वर्षं त्यांच्या हातचं जेवले, पण नाव कधी विचारलं नव्हतं. त्यांच्या मुलाला फोन केला. "दादा, काकूंचं नाव काय होतं?"

"आईचं? आता कशाला हवंय ते?" आणि ठेवला फोन! असा संताप आला त्याचा, सरांचा... आणि खरं सांगू, सगळ्यात जास्त माझाच.

माझं नाव पुन्हा पुसलं गेलं होतं, त्यांचं मला ठाऊक नव्हतं; चित्र बिनसहीचं लागलं. लोक झळाळीचं कौतुक करत होते. जवळ जाऊन पाहिलं, तर चित्रातल्या उघड्या तळव्यावर काळा घट्टा होता. तो मी रंगवलेला नाही.

आणि हा बघ माझा हात. घासून बघ, निघत नाही. काल रात्री इथे काही नव्हतं.