पिवळा पाळणा

सुलक्षणा आणि इंद्रजित वरंधा घाट उतरून समुद्रकाठच्या त्या गावी गेले, ते एक जुना आकाशपाळणा बघायला. पटला तर खोलायचा, टेम्पोत भरायचा आणि घाट चढवून भाटघरला आणायचा, एवढंच काम होतं.

भाटघर धरणाच्या पाण्याकाठी या नवराबायकोचा एक छोटा पार्क होता. घोड्यांचं चक्र, घसरगुंड्या, पायडल मारायच्या बोटी आणि फाटकाशी भेळेची गाडी. लॉकडाऊनमध्ये कुलूप लागलं ते पुढं कितीतरी दिवस निघालंच नाही. लाकडी घोड्यांच्या पोटात गांधीलमाश्यांनी घरं केली. बोटींवर वेल चढले. इंद्रजित कंपनीत कामाला जायला लागला आणि पार्कचा विषय घरात निघेनासा झाला. सुलक्षणाच्या मनातून मात्र तो गेला नव्हता. बाजाराला जाता-येता ती गंजलेल्या फाटकाशी थांबायची, कुलूप हलवून बघायची. शेवटी एक दिवस तिनं ते हातोडीनं तोडलं.

"लांब रस्त्यावनं दिसंल असं कायतरी पायजे," ती म्हणाली. "पाळणा दिसला की पोरं आईबापाला वडून आणत्यात."

समुद्रकाठच्या पार्काचे मालक होते रामभाऊ. म्हातारे, काटकुळे, कमी बोलणारे. त्यांचा पार्क वादळात झोपला होता. नारळी आडव्या, पत्रे वाळूत रुतलेले. पाळणा तेवढा उभा.

"चालतो नव्हं?" इंद्रजितनं विचारलं.

"चालतो. आम्ही चालवत नाही."

"का हो?"

रामभाऊंनी पाठ फिरवली. माणसं पाळणा खोलत होती तोवर ते समुद्राकडं तोंड करून उभे राहिले. टेम्पो सुरू झाला तेव्हा मात्र जवळ आले आणि पिवळ्या रंगाच्या पाळण्यावर त्यांनी हात ठेवला. शाळेत निघालेल्या लेकराच्या डोक्यावर ठेवावा तसा. टेम्पो हलला तरी दोन पावलं ते हात न काढता बरोबर चालले. सुलक्षणानं ते पाहिलं. म्हातारा माणूस, आयुष्य गेलं यात, असं तिच्या मनात आलं.

पाळणा उभा करायला शिवऱ्याचा गोरख आला. मोटारी, पंप दुरुस्त करणारा माणूस, हाताला चांगला. त्यानं चाक उभं केलं, वंगण घातलं, सगळ्या पाळण्यांना ताजा रंग दिला. पण पिवळ्या पाळण्यात रोज सकाळी वाळू सापडायची. पांढरी, बारीक, ओलसर. भाटघरची माती तांबडी, नाहीतर पाणी ओसरल्यावरचा काळा गाळ. अशी वाळू या मुलखात कुठं नाही.

"सांध्यात अडकली आसंल वहिनी," गोरख म्हणायचा. "वारं सुटलं की गळती."

सुलक्षणा झाडून काढायची. दुसऱ्या सकाळी पुन्हा असायची. वाकलं की खारट, माशाचा वास यायचा. हळूहळू तिला त्याची सवय झाली. कामं इतकी होती की वासाचा विचार करायला फुरसत नव्हती.

उन्हाळ्याच्या सुट्टीतल्या एका रविवारी संध्याकाळी पार्क उघडला. धरणाचं पाणी खाली गेलं होतं, पलीकडच्या डोंगरांवर ऊन पिवळं झालं होतं. भोरहून माणसं आली, पासलीहून एक जीप भरून आली. भेळेच्या गाडीभोवती गर्दी. पोरांचा गलका ऐकून सुलक्षणाला भरून आलं. इंद्रजित तिकिटं फाडत होता आणि खूप दिवसांनी हसत होता.

पहिल्या फेरीत त्यांची मुलगी बसणार हे ठरलेलंच होतं. प्रेरणा पहिलीतून दुसरीत गेलेली, दोन शेंड्या, नवा लाल फ्रॉक. ती धावत जाऊन पिवळ्या पाळण्यात बसली. सुलक्षणानं स्वतः आडवी दांडी लावली, दोनदा ओढून बघितली. दुसऱ्या पाळण्यांत गावातली पोरं बसली. गोरखनं बटण दाबलं. चाक हललं, करकरलं आणि फिरू लागलं.

प्रेरणा वर गेली. टोकाशी पोचल्यावर तिनं हात हलवला. मग पाळणा पलीकडच्या बाजूनं उतरू लागला. निळा आला, हिरवा आला, आणि पिवळा आला.

पिवळा रिकामा होता.

दांडी उघडी, लोंबकळत होती. बसायच्या फळीवर पाण्याचे थेंब.

पाळणा सुलक्षणाच्या समोरून गेला, पुन्हा वर चढू लागला. माणसं चाकाखाली धावली. कुणी कुंपणापलीकडं गेलं, कुणी पाण्याकडं. इंद्रजितच्या हातातली तिकिटं वाऱ्यावर उडाली. पडली म्हणावं तर आवाज नाही, अंगावरचा कपडा नाही, काही नाही. एवढ्या माणसांच्या डोळ्यांदेखत पोर नाहीशी झाली होती.

"बंद करतो..." गोरखचा हात बटणाकडं गेला.

त्याच क्षणी सुलक्षणाची नजर जमिनीवर पडली. ऊन तिरपं होतं. चाकाची लांबच लांब सावली मैदानावर पसरली होती, आणि सावलीत पाळणे फिरत होते. त्यातल्या एका सावलीत एक मुलगी बसली होती. दोन शेंड्या. खाली सोडलेले पाय मागंपुढं हलत होते.

तिनं वर पाहिलं. पिवळा पाळणा रिकामा. खाली पाहिलं. सावलीत मुलगी.

तिनं गोरखचं मनगट धरलं. "थांबवू नगंस."

"वहिनी, आवो पोरगी..."

"गोरख, चाक थांबलं न्हाई पायजे."

तिच्या बोटांत एवढा जोर कुठून आला कोण जाणे. गोरखच्या मनगटावर नखं रुतली. सगळे वर बघत होते, ती एकटी खाली बघत होती. सावली टोकाशी गेली. सावली वळली. सावली तिच्या पायांकडं सरकत आली. आता मान वर करायची तिला हिंमत होईना.

"आई."

पिवळा पाळणा समोर होता. दांडी लागलेली. प्रेरणा बसली होती.

गोरखनं चाक थांबवलं. सुलक्षणानं तिला उचलून छातीशी धरलं आणि तशीच तिला घेऊन खाली बसली. पोर जड लागत होती. मग तिनं नीट पाहिलं. फ्रॉक काखेत घट्ट बसला होता, गुडघ्याच्या वर गेला होता. लाल रंग विटून गुलाबी झाला होता. शेंड्या कमरेपर्यंत आल्या होत्या. आठवड्यापूर्वी पडलेल्या दाताच्या जागी पुरा वाढलेला दात होता. पाय उन्हानं रापलेले, टाचांना भेगा.

"आई," प्रेरणा म्हणाली, "किती दिवस लावलेस गं यायला..."

इंद्रजित जवळ आला आणि लेकीला हात लावायच्या आधीच थांबला. भोवतीची माणसं एकेक पाऊल मागं सरकली.

घरी आणून अंघोळ घातली तरी केसांतला खारा वास जाईना. प्रेरणा शांत होती. भाकरी मागून घेतली, पोटभर खाल्ली. दिवेलागणीला सुलक्षणानं रामभाऊंना फोन लावला. सगळं सांगितलं.

"तुम्ही चाक थांबवलं नाही?" त्यांनी विचारलं.

"न्हाई."

"आम्ही थांबवलं." त्यांचा आवाज अगदी खाली गेला. "आमची रश्मी गेली त्या पाळण्यातनं. आम्ही चाक थांबवलं, समुद्रात होड्या घातल्या. शोधत बसलो. तिची आई रोज पाळण्याखाली बसायची. मागच्या पावसात तीही गेली. मी चाक पुन्हा कधी फिरवलं नाही, ताई. भीती वाटायची... रिकामंच आलं तर."

तेवढ्यात प्रेरणा ताटावरून उठून जवळ आली.

"रश्मी माझ्या आधी उतरली," ती म्हणाली. "तिथं आम्ही दोघीच होतो. रोज चाकाकडं बघायचो, पण ते हलायचंच नाही. मग एकदा फिरलं. ती म्हणाली, तू पुढच्याला बस, मी आईला बघून येते."

फोनमध्ये रामभाऊंनी ते ऐकलं असावं. मग त्यांच्याकडच्या दाराची कडी वाजली. एकदा. पुन्हा एकदा, खालच्या बाजूनं, लहान मुलाचा हात जिथपर्यंत पोचतो तिथनं.

"रामभाऊ..." सुलक्षणा म्हणाली. "रामभाऊ, जाऊ नका."

खुर्ची सरकली. दार उघडलं. समुद्राचा आवाज एकदम मोठा झाला, आणि त्यात एक बारीक आवाज आला, "बाबा, आई कुठंय?"

फोन कट झाला. मग तो लागलाच नाही.

सकाळी इंद्रजित मोटारसायकल काढून घाट उतरला. संध्याकाळी परत आला तेव्हा त्याचा चेहरा मातीसारखा झाला होता. घराचं दार सताड उघडं, आत कुणी नाही. शेजारच्या बाईनं सांगितलं, रामभाऊ पहाटे एका लहान मुलीचा हात धरून पार्काकडं गेले. पाळणा होता त्या मोकळ्या जागेत दोघं उभे राहिले. तिनं हाकही मारली. पण दोघं मान वर करून आभाळाकडं बघत होते. ती चुलीवरचं दूध उतरवून आली, तोवर तिथं कुणी नव्हतं. वाळूत पावलं होती, ती जागेवरच संपत होती.

इंद्रजित पाणी प्यायला. "उद्या गोरखला बोलवू," तो म्हणाला. "पाळणा खोलून टाकू. चाक आता फिरवायचं न्हाई."

प्रेरणा उंबऱ्यावर बसून ऐकत होती. तिनं वळून आईकडं पाहिलं.

"असं नको ना करू, आई," ती हळू आवाजात म्हणाली. "रश्मी उतरल्यावर तिची आई आली तिथं... मग मला वेणी तीच घालायची. ते दोघं आता तिला आणायला गेलेत. चाक फिरलं नाही, तर तिघं उतरणार कुठं?"