पिठाची रांगोळी

सकाळी साडेआठला फोन वाजला, तेव्हा कीर्तनकार सुचेताअक्का देवापुढे बसून कालच्या कीर्तनातलं पद गुणगुणत होत्या.

"अक्का, लगेच या!" देवश्री रडवेली झाली होती. "ताईंची रांगोळी कुणीतरी पुसली!"

चामराजपेटेतलं ते कलादालन अक्का, देवश्री, अहल्याताई अशा बाराजणी मिळून चालवत. अकराला प्रदर्शन उघडायचं होतं. मधल्या खोलीत अहल्याताईंनी तीन दिवस गुडघ्यांवर बसून भिंतीपासून भिंतीपर्यंत रांगोळी घातली होती. आता तिथे ओल्या पोतेऱ्याचे फराटे. फक्त खिडकीखाली, पिठाच्या चिखलात, कंगव्यानं ओढल्यासारख्या चार तिरप्या रेघा.

नवरा गेल्यापासून अहल्याताईंची दारातली रांगोळी घरच्यांनी बंद केली होती. विधवेनं उंबऱ्यात बसू नये म्हणे! म्हणून त्यांनी ती इथे घातली, प्रदर्शनाच्या निमंत्रणपत्रिकेत नाव छापून. आज हार मानली, तर ताई पुन्हा हातात पीठ धरणार नाहीत, हे अक्का ओळखून होत्या.

पीठ तांदळाचं. "चिकपेटेत दगडाची पूड मिळते की, सगळी गल्ली तीच वापरते," असं देवश्री म्हणाली, तेव्हा ताई हसल्या होत्या, "मग मुंग्यांनी काय खायचं?"

"दार कुणी उघडलं?" अक्कांनी विचारलं.

"मीच, सातला," राखणदार गुंडो म्हणाला. "मग स्वल्प कॉफीला गेलो."

"दार सताड उघडं टाकून?"

त्यानं मान खाली घातली.

"पोतेरं तुझंच ना?"

"माझंच. पण मी हात लावला नाही अक्का, देवाशपथ!"

अक्का वळल्या. "देवश्री, ही खोली तुला हवी होती."

"हवी होती. कडाकडा भांडले. पण हरल्यावर ताईंना पीठ चाळून कुणी दिलं?"

इतक्यात ताईंचा मुलगा शंतनु आला. दारात बूट काढून तो आत आला आणि त्यानं आईच्या खांद्यावर हात ठेवला. "बेळ्ळंदूरहून निघून दोन तास झाले, काय ट्रॅफिक! जाऊ दे आई. घरी चल."

अक्का मात्र बाहेर गेल्या आणि चपलांच्या रांगेपाशी बसल्या. बऱ्याच वेळानं एक बूट उलटा धरून परतल्या.

"कीर्तनात आधी निरूपण, मग आख्यान. निरूपण एवढंच, की या खोलीत कुणी पायताण घालून येत नाही. आम्ही सगळे अनवाणी. आता आख्यान. बाहेर आठ जोड आहेत. मुंग्या एकाच जोडाला लागल्यात. शंतनु, तुझ्या."

"गल्लीत दारोदारी रांगोळी आहे, अक्का. पाय पडला असेल."

"सरी, पडला असेल. पण ती दगडाची. दगड खायला मुंग्या येतात होय? हे तांदळाचं पीठ आहे, ओलं होऊन खाचांत बसलेलं. कोरड्यावर चालून ते असं बसत नाही. पुसणारा बूट घालूनच पुसत होता." अक्कांनी बूट खिडकीखालच्या रेघांवर धरला. खाचेला रेघ जुळली. "सात वाजता तू ट्रॅफिकमध्ये नव्हतास, बाळा."

शंतनु घाम पुसू लागला. "आज सासरे येणार आहेत, आई. बाबांना जाऊन वर्ष नाही झालं. लोक काय म्हणतील?"

अहल्याताई हळू उठल्या.

"तुझे बाबा तीस वर्षं माझ्या रांगोळीला वळसा घालून कामावर गेले. एकदा पाय नाही पडला त्यांचा. आणि तू बूट घालून आलास."

त्यांनी पदर खोचला. "देवश्री, पीठ आण."

"आई, मी काही मदत—"

"करशील ना. दारात उभा राहा. येईल त्याला सांग, पायातलं बाहेर काढा. तुझ्या सासऱ्यांनाही."

गुंडो खिडकीखालचा ठसा पुसायला वाकला.

"राहू दे अण्णा. लोकांना दिसू दे," ताई म्हणाल्या, आणि पहिला ठिपका त्यांनी त्या ठशाशेजारीच ठेवला.

अकराला दार उघडलं. रांगोळी अर्धीच झाली होती, ताईंचा हात थांबला नव्हता. बाहेरून सासऱ्यांना अडवणारा शंतनुचा आवाज आला, आधी चाचरत, मग स्पष्ट:

"पपा, बूट इथे काढा."