वहिनीच्या हातचा मीटलोफ

दुपारच्या सुट्टीत बेबी डबा उघडून बसली होती, आणि तो चुकून मागच्या दाराने आत शिरला. ती कामाला होती त्या चिनीमातीच्या भांड्यांच्या कारखान्यात गिऱ्हाईक पुढून येई. हा थेट तिच्या डब्यापुढेच उभा. शेजारच्या गल्लीत चष्म्यांचं दुकान असलेला चष्मेवाला. त्याला हवा होता कप, पण नजर मीटलोफवर... खिमा, पाव, अंडं कालवून भाजलेला, वर टोमॅटोचा गोडसर, चकचकीत लेप. तिने एक तुकडा पुढे केला. त्याने खाल्ला आणि डोळेच मिटले.

"तुम्ही केलात?"

केला होता वहिनीने. बेबीला धड चहाही जमत नव्हता. पण समोरचा माणूस असा डोळे मिटून उभा, आणि तिची मान आपसूक होकारात हलली. झालं, पंचाईत करून बसली.

मग तो दर आठवड्याला येऊ लागला. तिच्या चष्म्याची काडी कानामागे हलकेच नीट करून द्यायचा, आणि जाता जाता विचारायचा, लोफ पुन्हा कधी? ती लाजायची... आणि लगेच त्या लाजण्याचीच तिला शरम वाटायची. शेवटी गडबडून तिने त्याला रविवारी घरी जेवायला बोलावलं.

वहिनी पोट धरून हसली. म्हणाली, मी करते, तू नुसतं वाढ. पण बेबी हट्टाला पेटली. बोललेलं एकदा तरी खरं करायचं होतं तिला.

रविवारी तिने खिमा ओट्यावर आपटून आपटून मळला. मातीत हवा राहिली तर भांडं भट्टीत फुटतं, हे तिच्या हाताला पाठ होतं. भांड्यांसारखा लेपही भाजण्याआधीच थापला आणि ओव्हन भट्टीसारखा पार शेवटपर्यंत तापवला. बाहेर आली काळी वीट. बेबीच्या डोळ्यांत पाणी आलं. वहिनीने झाकलेलं ताट पुढे ठेवलं. तिने गुपचूप एक करून ठेवला होता. तेवढ्यात बेल वाजली, आणि बेबीने आपली वीट ओट्याखाली ढकलली.

जेवण रंगलं. दादा गप्पा हाणत होता, वहिनी नणंदेच्या हाताच्या चवीचं कौतुक करत होती. बेबी मान वर करेल तर शपथ. दुसरा तुकडा घेताना चष्मेवाला हळूच म्हणाला, की आई गेल्यापासून खास त्याच्यासाठी असं कुणी रांधलं नव्हतं.

बेबीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती उठली, वीट आणून त्याच्यापुढे ठेवली.

"हा माझा. तुम्ही खाताय तो वहिनीचा... पहिल्या दिवशीचाही तिचाच. मी खोटं बोलले. तुम्ही परत यावं म्हणून."

दादा ताटात बघू लागला. चष्मेवाल्याचं हसू मावळलं. ते मावळताना बघून तिला वाटलं, धरणी पोटात घेईल तर बरं.

"वाईट वाटलं मला," तो म्हणाला.

तिने मान डोलावली.

त्याने सुरी उचलली. ती आत शिरेना, तेव्हा उभा राहून दाबली. तुकडा तोंडात टाकला आणि चावत राहिला... चावतच राहिला. वहिनीने पाण्याचा पेला पुढे सरकवला.

"हा फार वाईट झालाय," शेवटी तो म्हणाला.

"माहीत आहे."

"आज गप्प राहिला असतात तर मला कधीच कळलं नसतं."

"मला कळत राहिलं असतं ना," ती पुटपुटली. कान लालबुंद झाले होते.

मग त्याच विटेचा आणखी एक तुकडा त्याने स्वतःच्या ताटात वाढून घेतला.

"उद्या संध्याकाळी माझ्याकडे जेवायला येशील?" तो म्हणाला. "मला फक्त अंडी उकडता येतात. ती मात्र मीच उकडतो."

शरमेने तिची मान अजून वर होत नव्हती. तरी "येईन" मात्र ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली.