फळीवरचा पंप

मोबाईल पालथे ठेवा आधी. आणि ज्याला खिदळायचं असेल त्याने आत्ताच खिदळून घ्यावं, मध्ये चालणार नाही. ही पुस्तकातली गोष्ट नाही. ज्याच्या बाबतीत घडली तो माझ्या रोजच्या उठण्याबसण्यातला माणूस. रंगीत माशांचं दुकान त्याचं. घरोघरी जाऊन माशांच्या टाक्या साफ करायचा, हवेचे पंप दुरुस्त करायचा, म्हणून सगळे त्याला बुडबुड्या म्हणायचे. त्यालाही त्याचं काही वाटायचं नाही.

त्याचा जिवाभावाचा दोस्त म्हणजे गल्लीच्या तोंडाशी बसायचा तो शिंपी. लहानपणी एका ताटात जेवलेले दोघं. गेल्या हिवाळ्यात, शनिवारी संध्याकाळी, शिंप्याचा निरोप आला की दादाच्या टाकीचा पंप फार घरघरतोय, तेवढा आवाज घालव. दादा म्हणजे शिंप्याचा थोरला भाऊ. बाप गेल्यावर यानेच धाकट्याला वाढवला, शिलाई मशीन घेऊन दिलं. आता घशाच्या ऑपरेशनात दादाचा आवाज गेला होता आणि दुखण्याने पायातलं बळ. पुढच्या खोलीत पडून असायचा. उशाशी माशांची टाकी, वर भिंतीत ठोकलेली लाकडी फळी, फळीवर पंप. भिंतीपलीकडे शिंपी आणि त्याची बायको झोपायचे.

बुडबुड्याने हत्यारं काढली. हे काम म्हणजे त्याच्या हातचा मळ. झाकण उघडलं, आतला रबरी पडदा चिरला होता तो बदलला, स्क्रू आवळले, भिंतीला घासणारी हवेची नळी बाजूला घेतली. पंप स्वतः वाजतो त्यापेक्षा तो ज्याला टेकतो ते जास्त वाजतं, हे त्याचं ठरलेलं वाक्य. एरवी तो खाली स्पंज घालून मोकळा व्हायचा. पण दोस्ताचं घर पडलं ना! त्याने पंप फळीवरून उचलून वरच्या खुंटीला अधांतरी टांगायचं ठरवलं. टांगायला इलॅस्टिकची पट्टी शिंप्यानेच कापून दिली.

दादा बघत होता. एकदम अस्वस्थ झाला. पंपाकडे बोट दाखवायचा, मग भिंतीकडे. परत पंप, परत भिंत. घशातून नुसती हवा... लिहून सांगायला त्याच्या उशाशी पाटी असायची. त्या दिवशी ती कपाटावर होती. ती तिथे कशी, हे विचारायचं बुडबुड्याला सुचलं नाही. काय म्हणतोय रे, एवढंच त्याने शिंप्याला विचारलं.

"भिंत हादरते म्हणतोय," शिंपी म्हणाला. "कंटाळलाय बिचारा. टांग तू."

दादाने बुडबुड्याचं मनगट धरलं. घट्ट. डोळ्यांत पाणी. याला वाटलं, म्हातारा दुवा देतोय. याने तो हात थोपटला, सोडवून घेतला, गाठ मारली आणि चहा पिऊन घरी आला. पंप इतका गप्प झाला होता, की बुडबुडे दिसले नसते तर बंदच वाटला असता. गडी स्वतःवर खूश होता.

बुडबुड्याच्या घरात तो एकटा. टाकी एकही नाही, दिवसभर मासे बघितल्यावर रात्री कोण बघतो? दोनच्या सुमाराला त्याला जाग आली. उशाची भिंत घरघरत होती. बाहेर ट्रक उभा असेल म्हणून खिडकीतून पाहिलं. रस्ता रिकामा. भिंतीला तळहात लावला...

ओळखीची घरघर. चिरलेल्या पडद्याची. तो पडदा त्याने संध्याकाळी स्वतःच्या हाताने कचऱ्यात टाकला होता.

घरघर. थांबली. परत घरघर. कुणी बोलवावं तशी.

मग थांबली. ती थांबलीच.

तो तसाच अनवाणी निघाला. शिंप्याचं दार किती वेळ बडवलं, तेव्हा कुठे ती दोघं उठली. इतकी गाढ झोपली होती. दिवा लावला. दादा अर्धा पलंगाबाहेर होता. एक हात वर, फळीवर. फळी रिकामी. त्याच्याही वर, हाताला लागणार नाही असा, पंप लोंबत होता. चालू. आवाज नाही.

अंग गार पडलं होतं.

शिंप्याच्या बायकोने रिकाम्या फळीकडे पाहिलं, मग वर पंपाकडे. "रात्री काही लागलं, की दादा पंप ढकलून भिंतीला टेकवायचे," ती म्हणाली. "भिंत वाजली की आम्ही उठायचो. तेवढीच त्यांची हाक होती."

बुडबुड्याने दोस्ताकडे पाहिलं.

"महिनोन्‌महिने झोप नाही रे," शिंपी म्हणाला. "एक रात्र... एकच रात्र झोपायचं होतं."

दोस्ताने केसाने गळा कापला होता, तोही सख्ख्या भावाचा आणि तोही याच्या हातून. बरं, शिंप्याचं सोडा. दादा जाताना काय समजून गेला असेल? की हाही शिंप्याला सामील. हे बुडबुड्याला आजतागायत खातंय. त्याने पंप सोडवून घेतला, घरी आणून त्याची वायर मुळापासून कापली, चादरीत गुंडाळून लोखंडी पेटीत घातला आणि कुलूप लावलं. दोघं पुन्हा एका शब्दाने बोलले नाहीत. समोरासमोर आले तर शिंपीच रस्ता बदलतो.

मध्यंतरी मी बुडबुड्याकडे मुक्कामाला होतो. गप्पा मारता मारता डोळा लागला. केव्हातरी तो उठून बसला. ऐकू आलं का, म्हणाला. मला काही ऐकू आलं नव्हतं. त्याने भिंतीला हात लावला.

"आलो दादा," म्हणाला.

उठला. कुलूप काढलं. चादर सोडवली आणि पंप माझ्या हातात दिला. वायरचा नुसता तुटका बुडखा.

थंडीचे दिवस. पेटीचं लोखंड गार. चादर गार...

पंप गरम होता.