राहिलेले घोट

हे दयाघना, जागणाऱ्यांचा तू सोबती आणि निजलेल्यांचा राखणदार. तुझ्या चरणी माथा ठेवून सांगतो.

मुलांनो, जवळ सरका. माझे मित्र फेर्मिन कोल्के यांच्या बाबतीत हे घडले. गेल्या वर्षीची तेवीस जून, संत हुआनची रात्र. आपल्या पोटोसीच्या पठारावर जून म्हणजे ऐन हिवाळा, त्यात ही रात्र सर्वांत गार. त्यांची सहा वर्षांची एउलालिया आईसोबत दवाखान्यात होती. सकाळी हर्नियाची शस्त्रक्रिया. भूलतज्ज्ञ झेंतेनोबाईंनी आईबापांना बजावले होते, "आता पोटात काही जाता कामा नये. वाफेची भूल दिली की गळ्याचा पहारेकरीही झोपतो. पोटातलं वर आलं, तर थेट फुप्फुसात उतरतं."

तरी मध्यरात्री सासूबाई कासिल्दांनी जांभळ्या मक्याची ऊन ऊन पेज थर्मासमध्ये भरली.

"पोर भुकेनं रडतेय म्हणून फोन आलाय. त्या डॉक्टरीणबाईला लेकरू असतं, तर कळलं असतं! निघा जावईबापू, का तुम्हालाही भूल दिलीय?"

फेर्मिन निघाले. बापाचे मन बुद्धीच्या आधी पाऊल टाकते.

वळणावर संत हुआनची शेकोटी विझून राख झाली होती. राखेपाशी शाल पांघरलेली एक बाई बसली होती. हातात पत्र्याचा पेला.

"दादा, कुणासाठी?"

"लेकीसाठी. सकाळी ऑपरेशन आहे."

"भूक लागली म्हणाली?"

"हो."

"माझा सिल्वेरियोही म्हणाला होता..."

फेर्मिनच्या तोंडून थंडीने वाफ निघत होती. तिच्या तोंडून... नाही.

"कुणाला न सांगता पाजली. दोनच घोट प्यायला, तेवढ्यात आत न्यायला आले..."

"मग?"

तिने पेला पुढे केला.

राख हलली. वारा नव्हता.

"राहिलेले घोट अजून मागतो, दादा. ते त्याला द्या. तुमची आज उपाशी निजू दे."

फेर्मिननी पेज पेल्यात ओतली. थर्मास रिकामा झाला. मान वर केली...

राख. चांदणे.

सकाळी सगळे नीट पार पडले. शुद्धीवर येताच एउलालियाने पेज मागितली. झेंतेनोबाई हसल्या. मग फेर्मिननी सिल्वेरियोचे नाव काढले, तसे त्यांचे हसू मावळले. 

"त्याची आईही त्याच थंडीत गेली," एवढेच म्हणाल्या.

परतताना फेर्मिन वळणावर थांबले. राखेत पेला होता. तळाशी थेंब नाही. काठावर इवल्या ओठांचा जांभळा ठसा... अजून ओला.

प्रभू तुम्हा सर्वांच्या घरचे प्रत्येक लेकरू सुखाने निजवो, आणि सकाळी उठवो.