प्लास्टरमधला जबडा

वडूजच्या छोट्या संग्रहालयात राजवर्धनांनी हाड जपायला चढवलेलं बंद प्लास्टरचं कवच सगळ्यांसमोर कापून झाकण उचललं आणि धैर्यशील वाकून आत बघू लागला. आत येरळा नदीच्या पात्रात सापडलेला हजारो वर्षांपूर्वीच्या हत्तीचा जबडा असायला हवा होता. निघाला काळा दगड, अंगाला वर्तमानपत्राचा कागद चिकटलेला!

"चोरी! आणि चोर समोरच उभी आहे," संग्रहालयप्रमुख राजवर्धन कडाडले. "काल दुपारी तासभर ही एकटीच इथं होती. बोलावतो पोलिसांना!" त्यांनी फोन लावलासुद्धा.

मेंढपाळ हरणाबाईनं हात जोडले. मेंढरं पाण्यावर नेताना जबडा पहिल्यांदा दिसला तो तिलाच. "आवं साहेब, मी नुसती बघाय आल्ते! देवाशपथ!"

सांगलीची खासगी गुप्तहेर उत्कर्षा आज पाहुणी म्हणून आली होती. ती प्लास्टर चाचपत होती. आतून-बाहेरून खडखडीत वाळलेलं. तिचा मदतनीस धैर्यशील मात्र हरणाबाईकडेच बघत होता. गड्याला नेहमी पहिलाच संशयित पटतो!

"प्लास्टर चढवतं कोण?" उत्कर्षानं विचारलं.

"मी. तीस वर्सं झाली," संग्रहालयातले म्हातारे कारागीर बादशहा म्हणाले. "आदी हाडाला वला कागद लावायचा, म्हंजी प्लास्टर चिकटत न्हाई. मग गोणपाट अन् प्लास्टर."

"राजवर्धन, तुम्ही कधी चढवलंय?"

"छे! मी नोंदी ठेवतो. प्लास्टर चढवायच्या कामाला कधी हात लावलेला नाही."

"हरणाबाई, तुम्ही ते बांधताना पाहिलंत?"

"न्हाई वो. जागा दावली अन् मेंढरं घिऊन फुडं गेले."

"बाईच. दुसरं कोण?" धैर्यशील कुजबुजला.

"डोकं चालव जरा," उत्कर्षा म्हणाली. "कवच आजपर्यंत बंद होतं; दगड आत घालायचा तर नवंच चढवावं लागणार. एवढं जाड प्लास्टर खडखडीत वाळायला चार दिवस लागतात. कालच्या तासाभरात जमेल? बाई सुटल्या. आता सांग, दगडाला कागद कशाला? दगडाला प्लास्टर चिकटलं तर कुणाचं काय बिघडतं? बाहेरून तर कागद दिसतही नाही. फसवायला निघालेला दुसरा कुणी तो लावायच्या फंदात पडला नसता. ज्याचा हात तीस वर्षं कागदाशिवाय प्लास्टरकडे गेलाच नाही, तोच नकळत लावेल."

सगळ्यांच्या माना बादशहांकडे वळल्या. धैर्यशील सुन्न झाला. सकाळीच या माणसानं त्याला आग्रह करकरून चहा पाजला होता.

बादशहांनी तो काळा दगड बाजूला सारला. "चोरला न्हाई वो. प्लास्टर चढवायच्या आदीच, उचलताना हातातनं सुटला. तुकडं झालं, म्हनून दगडालाच प्लास्टर चढवलं. घरी जोडाय बसलोय. तीस वर्सांत एक हाड फुटलं न्हवतं माझ्याकडनं. सांगायची लय लाज वाटली."

हरणाबाई पुढं आली.

"फुटलं तर फुटलं, चाचा. पर या बाईंनी वळाकलं नसतं अन् पोलिसांनी मला नेलं असतं, तर तवा तरी बोलला असतासा का?"

आता तरी 'व्हय' म्हणतील, असं धैर्यशीलला मनापासून वाटत होतं. बाहेर पोलिसांची गाडी येऊन थांबली, तरी बादशहांच्या तोंडून शब्द फुटला नाही.